जाणीव मोजायला शिकताना

सप्टेंबर २०२३ मध्ये १२४ संशोधकांनी आणि तत्त्वचिंतकांनी एक खुले पत्र प्रसिद्ध केले. माणसाच्या जाणिवेचे स्पष्टीकरण देऊ पाहणाऱ्या एका नामांकित सिद्धांताला त्यांनी त्यात थेट ‘छद्मविज्ञान’ म्हटले. जुलिओ तोनोनी यांनी २००४ साली मांडलेला हा ‘एकात्मिक माहिती सिद्धांत’. सह्या करणाऱ्यांत या क्षेत्रातली वजनदार नावे होती, त्यामुळे पत्राचा गाजावाजा झाला आणि वादही पेटला. त्यांची तक्रार अशी की, या सिद्धांताचा गाभा प्रयोगाने तपासता येत नाही, तरी प्रसारमाध्यमे त्याला आघाडीचा सिद्धांत म्हणून मिरवतात. शिवाय त्यातून निघणारे निष्कर्ष गर्भाच्या जाणिवेपासून यंत्रांच्या जाणिवेपर्यंत अनेक नाजूक वादांत शस्त्रासारखे वापरले जाऊ शकतात. काळजी खरी आहे. पण माझ्या मते पत्राने बोट चुकीच्या जागी ठेवले. एखादी कोवळी विद्याशाखा विज्ञान आहे की नाही, हे तिच्यातला एखादा सिद्धांत किती विचित्र वाटतो यावरून ठरत नाही. ती मोजायला शिकते आहे का, आणि मोजण्याच्या साधनाची परीक्षा स्वतःच्या सोयीविरुद्ध घ्यायला तयार आहे का, यावरून ते ठरते. या कसोटीवर जाणिवेचा अभ्यास आज विज्ञानाच्या उंबरठ्याच्या आत आलेला आहे. आणि त्याला आत आणण्यात ज्या सिद्धांतावर छद्मविज्ञानाचा शिक्का बसला, त्याचाच वाटा मोठा आहे.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती कच्ची नाही. तोनोनींचा सिद्धांत मेंदूपासून सुरुवात करत नाही. अनुभवाची काही लक्षणे तो स्वयंसिद्ध मानतो. प्रत्येक अनुभव एकसंध असतो, विशिष्ट असतो, त्याला रचना असते. मग अशी लक्षणे असणाऱ्या भौतिक व्यवस्थेत काय असायला हवे, याचे गणित तो मांडतो. व्यवस्थेच्या भागांत जेवढी माहिती आहे, त्यापलीकडे संपूर्ण व्यवस्थेत किती माहिती गुंफलेली आहे, हे सांगणाऱ्या राशीला तो ‘फाय’ म्हणतो. अडचण अशी की फाय नेमकी काढायची म्हटली, तर ३०२ चेतापेशी असलेल्या चिमुकल्या गोलकृमीसाठीसुद्धा ते गणित आवाक्याबाहेर जाते. माणसाच्या मेंदूचे तर नावच नको. संगणकशास्त्रज्ञ स्कॉट आरन्सन यांनी २०१४ मध्ये आणखी एक पेच दाखवला. अगदी साध्या तार्किक द्वारांची मोठी जाळी विशिष्ट रीतीने जोडली, तर सिद्धांतानुसार तिची फाय माणसाच्या मेंदूपेक्षाही जास्त भरू शकते, मग ती जाळी उपयोगाचे काहीही करत नसली तरी. तोनोनींनी हा निष्कर्ष नाकारला नाही, स्वीकारला. हे वाचून कुणी भुवया उंचावल्या तर त्यात नवल नाही. मलाही हा निष्कर्ष पटत नाही. पण न पटणे आणि छद्मविज्ञान ठरवणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर प्रयोगशाळेत काय घडले हे पाहूनच पार करता येते.

प्रयोगशाळेत जे घडले ते या क्षेत्राच्या इतिहासात अपूर्व होते. तोनोनींच्या सिद्धांताचा मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे ‘ग्लोबल वर्कस्पेस’ सिद्धांत. बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये तो मांडला आणि पुढे स्तानिस्लास देहान व झाँ-पिएर शांजो यांनी मेंदूच्या भाषेत विकसित केला. त्यानुसार मेंदूत असंख्य कामे आपल्या नकळत चालू असतात. त्यांपैकी एखादी माहिती मेंदूभर प्रसारित झाली की तिची जाणीव होते, आणि या प्रसारणात मेंदूच्या पुढच्या भागाची भूमिका कळीची असते. तोनोनींच्या मते मात्र जाणिवेचे खरे ठिकाण मेंदूच्या मागच्या बाजूला आहे. दोन्ही पक्षांचे लोक एका टेबलाभोवती बसले आणि प्रयोग होण्यापूर्वीच त्यांनी लेखी कबूल केले, की अमुक दिसले तर आमचा सिद्धांत अडचणीत येईल. प्रयोग मात्र त्यांनी स्वतः केले नाहीत. ते दोन्ही सिद्धांतांशी बांधिलकी नसलेल्या प्रयोगशाळांवर सोपवले. तीन वेगवेगळ्या तंत्रांनी २५६ जणांच्या मेंदूंची नोंद झाली. चेहरे, वस्तू, अक्षरे अशी चित्रे दाखवून प्रत्येक चित्र दिसत असताना मेंदूत कुठे, केव्हा आणि किती वेळ हालचाल टिकते हे पाहिले गेले. निकाल जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जाहीर झाले आणि एप्रिल २०२५ च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये छापून आले. मागच्या भागात दृश्याची माहिती चित्र दिसत असेपर्यंत टिकते, हे तोनोनींच्या बाजूने गेले. पण त्या भागांतर्गत जो दीर्घकाळ टिकणारा ताळमेळ त्यांनी भाकीत केला होता, तो सापडला नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते की चित्र नाहीसे होताना पुढच्या भागात पुन्हा एकदा भडका उडायला हवा. तो बहुतांशी दिसलाच नाही. त्याच न्यूयॉर्कच्या सभेत मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कोख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी १९९८ मध्ये लावलेली पैज हरल्याचे मान्य केले. जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण पंचवीस वर्षांत सापडेल, अशी ती पैज होती.

यावर टीकाकार म्हणतात: दोघेही चुकले, तरी एकानेही आपला सिद्धांत सोडला नाही, मग ही परीक्षा कसली? कार्ल पॉपर यांचा खंडनक्षमतेचा निकष शाळकरी रूपात लावला तर हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण विज्ञानाचा इतिहास तसा चाललेला नाही. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता, म्हणून कुणी न्यूटनचे गुरुत्वाकर्षण टाकून दिले नाही. कुठेतरी न दिसलेला ग्रह असला पाहिजे असे धरले गेले, आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाची कक्षा चुकली तेव्हाही तीच युक्ती वापरली गेली. व्हल्कन नावाचा ग्रह कल्पिला, अनेक वर्षे शोधला, आणि तो कधीच सापडला नाही. शेवटी बुधाचे कोडे १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सोडवले. सिद्धांताला वाचवण्याची एकच चाल एका ठिकाणी मोठा शोध ठरली आणि दुसऱ्या ठिकाणी आंधळी गल्ली. चाल चालताना यांपैकी काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. इम्रे लाकातोश यांनी यावरून जे सुचवले ते मला रास्त वाटते: एका पराभवावरून निकाल देऊ नये, दुरुस्त झालेला सिद्धांत नवी, आधी न सुचलेली भाकिते करतो की केवळ जुन्या भगदाडांवर ठिगळे लावतो, हे काही वर्षे पाहावे. जाणिवेच्या दोन्ही सिद्धांतांबाबत ती वर्षे आता सुरू झाली आहेत. आधी लिहून दिलेली भाकिते आणि त्यांचा सर्वांसमोर झालेला पराभव, या गोष्टी छद्मविज्ञानात सापडत नाहीत. ज्योतिषांनी आपले भाकीत कधी चुकले असे म्हणावे, हे आधी लिहून देण्याची तयारी दाखवलेली माझ्या पाहण्यात नाही.

पण सिद्धांतांची ही लढत मला या कथेचा मुख्य भाग वाटत नाही. मुख्य भाग मोजमापाचा आहे, आणि तो समजण्यासाठी तापमानाचा इतिहास पाहावा लागतो. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हासोक चांग यांनी २००४ मधल्या आपल्या पुस्तकात तो बारकाईने मांडला आहे. आज थर्मामीटर ही इतकी साधी वस्तू आहे की तो जन्मला तेव्हा तापमान म्हणजे काय हे कुणालाही माहीत नव्हते, याची आठवणच राहत नाही. थर्मामीटर बरोबर आहे की नाही हे ठरवायला आधी खरे तापमान माहीत हवे, आणि खरे तापमान कळायला बरोबर थर्मामीटर हवा. या चक्रातून सुटायचे कसे? सतराव्या-अठराव्या शतकातल्या लोकांनी चाचपडत वाट काढली. मोजपट्टीचे स्थिर बिंदू म्हणून कुणी लोणी वितळण्याची ऊब सुचवली, कुणी पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरातला गारवा, तर कुणी माणसाच्या रक्ताची ऊब. पाण्याचा उत्कलनबिंदू सर्वांत भरवशाचा वाटला, तर तोही डळमळीत निघाला. जाँ-आंद्रे द ल्यूक यांनी पाण्यात विरघळलेली हवा काढून टाकली, तेव्हा ते १०० अंशांच्या बरेच वर जाऊनही उकळेना. अखेर लंडनच्या रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिश यांच्यासह सात जणांची समिती नेमली. तिने १७७७ मध्ये थर्मामीटर पाण्यात न बुडवता वाफेत धरावा, असा व्यवहारी तोडगा सुचवला. हे सर्व चालू असताना उष्णता म्हणजे ‘कॅलोरिक’ नावाचा वजनरहित द्रव आहे, अशी बहुतेकांची समजूत होती. ती समजूत चूक होती. तिच्या छायेत घडलेली साधने मात्र टिकली. केल्विन यांचे निरपेक्ष तापमान १८४८ मध्ये आले, रेणूंच्या गतीचे स्पष्टीकरण त्याहूनही नंतर, आणि त्या स्पष्टीकरणापर्यंत पोचण्याचा रस्ता त्याच अपुऱ्या काचेच्या नळ्यांनी तयार केला होता. आधी व्याख्या द्या मग मोजा, असा हट्ट त्या काळी कुणी यशस्वी केला असता, तर उष्णतेचे विज्ञान जन्मलेच नसते.

जाणिवेच्या अभ्यासात आज असाच एक थर्मामीटर घडतो आहे. मार्चेल्लो मास्सिमीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलान शहरात तो विकसित केला; २०१३ मध्ये त्याची पहिली सविस्तर मांडणी झाली. डोक्याजवळ धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय स्पंदनाचा एक ठोका मेंदूच्या पृष्ठभागाला दिला जातो आणि त्याचे पडसाद ईईजीवर टिपले जातात. घंटेवर टोला मारून तिच्या नादावरून धातूची पारख करावी, तसा हा प्रकार आहे. माणूस जागा असतो तेव्हा पडसाद मेंदूभर पसरतात आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे रूप घेतात. गाढ, स्वप्नहीन झोपेत तोच ठोका एक तर जागच्या जागी विरतो किंवा सगळीकडे एकसारखी लाट उठवून संपतो. या पडसादांची गुंतागुंत किती, हे काढायला संगणकावरच्या फायली लहान करताना वापरतात तसे सूत्र वापरले जाते: जी नोंद फारशी दाबता येत नाही ती गुंतागुंतीची. त्यातून शून्य ते एक यांमधला एक आकडा मिळतो. जे बोलून आपल्या अनुभवाची खात्री देऊ शकत होते अशा १५० जणांवर या साधनाची मोजपट्टी बसवली गेली, आणि २०१६ च्या अहवालानुसार ०.३१ ही सीमारेषा जाणीव असलेल्या आणि नसलेल्या अवस्थांमध्ये बिनचूक फरक करू शकली. त्याची खरी परीक्षा वेगवेगळ्या भुलींमध्ये झाली. केटामाइनची भूल दिलेला माणूस बाहेरून इतर भुलींसारखाच निपचित असतो, हाकेला ओ देत नाही. पण शुद्धीवर आल्यावर तो विलक्षण, जिवंत स्वप्नांची वर्णने करतो. प्रोपोफॉल आणि झेनॉनच्या भुलीनंतर मात्र तो म्हणतो, काही आठवत नाही. साधनाने काय दाखवले? प्रोपोफॉल आणि झेनॉनमध्ये आकडा खाली घसरला, केटामाइनमध्ये वर राहिला. बाहेरचे वागणे तिन्हींत सारखे असताना साधनाने आतल्या अनुभवाच्या बाजूने कौल दिला. विशेष म्हणजे या साधनाची मूळ कल्पना तोनोनींच्या सिद्धांतातूनच आली आहे. तोनोनी उद्या पूर्ण चुकीचे ठरले, तरी हा आकडा चुकीचा ठरत नाही. कॅलोरिक गेला तरी थर्मामीटर राहिला, तसेच. छद्मविज्ञानाचा आरोप करणाऱ्यांनी या गोष्टीचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही.

सर्वांत जुना आणि सर्वांत खोल आक्षेप मात्र वेगळाच आहे: अनुभव खासगी असतो, दुसऱ्याच्या डोक्यात शिरून पाहता येत नाही, मग त्याचे विज्ञान कसे होणार? या आक्षेपाला इतिहासाचा आधारही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वुर्ट्झबर्गचे मानसशास्त्रज्ञ म्हणत होते की विचार प्रतिमांशिवायही होतो. कॉर्नेलचे एडवर्ड टिचनर म्हणत होते, प्रतिमांशिवाय विचार होतच नाही. दोन्हीकडचे निरीक्षक आपापल्या मनात डोकावून आपापल्या बाजूची साक्ष देत होते. वाद मिटवण्याचे साधनच नव्हते, आणि त्या वैतागातून १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी अंतर्निरीक्षणच मानसशास्त्राच्या बाहेर काढा, असे सांगितले. त्यानंतर अर्धशतक जाणीव हा विषयच वर्ज्य राहिला. आजचा अभ्यास त्या चुकीची पुनरावृत्ती करत नाही. माणसाचे निवेदन तो अंतिम सत्य मानत नाही आणि फेकूनही देत नाही; ते तपासण्याजोगे निरीक्षण मानतो. लॉरेन्स वाइस्क्रान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले, ज्याच्या दृष्टीचा एक भाग शस्त्रक्रियेनंतर गेला होता. त्या भागात मला काहीही दिसत नाही, असे तो सांगत होता. तरी तिथे ठेवलेल्या वस्तूकडे अंदाजाने बोट दाखवायला लावले, तर त्याचे बोट बहुतेक वेळा बरोबर जागी जाई. इथे निवेदन आणि वर्तन यांची फारकत झाली, आणि त्या फारकतीतूनच पाहणे आणि पाहत असल्याची जाणीव या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या आहेत हे कळले. पुढे संशोधकांनी स्वतःच्याच पद्धतीवरही संशय घेतला. दोन डोळ्यांना दोन वेगळी दृश्ये दाखवली की मन आळीपाळीने एकच दृश्य पाहते. हा बदल बटण दाबून कळवायला सांगितले, तर मेंदूच्या पुढच्या भागात जोरदार हालचाल दिसते. २०१४ मध्ये काही संशोधकांनी बटण काढून घेतले आणि डोळ्यांच्या आपोआप होणाऱ्या हालचालींवरून बदल ओळखला. पुढच्या भागातली बरीचशी हालचाल मावळली. म्हणजे ती अनुभवाची नव्हे, अनुभव कळवण्याच्या कामाची होती. आपल्याच साधनाने घातलेली भर ओळखून ती वजा करणे, हे प्रौढ विज्ञानाचे लक्षण आहे.

आपल्याकडे हाच आक्षेप वेगळ्या वेषात येतो. जाणिवेचे ज्ञान ध्यानातून, साधनेतून आपल्या पूर्वजांना झालेलेच आहे. पाश्चात्त्य प्रयोगशाळांनी आता ते नव्याने शोधण्याची गरज काय, असे व्यासपीठांवरून सांगितले जाते. दीर्घ साधना केलेला माणूस स्वतःच्या मनाचा कसलेला निरीक्षक असतो हे मी मान्य करीन, आणि अशा निरीक्षकांची या अभ्यासाला गरजही आहे. पण टिचनर आणि वुर्ट्झबर्गचे लोकही कसलेले निरीक्षकच होते. निरीक्षकांत मतभेद झाला की त्याचा निवाडा करणारी तिसरी गोष्ट लागते, आणि आपल्या स्वतःच्या दर्शनांमध्येही आत्म्याविषयी एकमत कधी नव्हते. बौद्ध, नैयायिक आणि वेदान्ती यांनी शतकानुशतके यावर वाद घातले आहेत. यातला योग्य मार्ग महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ ही संशोधनपत्रिका सुरू केली. उड्डियान आणि नौली करताना शरीरात काय होते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले. त्यांची योगावर निष्ठा होती, आणि त्या निष्ठेमुळेच त्यांनी योग मोजमापाच्या हवाली केला. आज ‘क्वांटम’ हा शब्द वापरून वेदान्त सिद्ध झाल्याचे जाहीर करणाऱ्यांनी या उदाहरणाचा अभ्यास करावा.

आता चाल्मर्स यांचा आक्षेप. त्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर जाणिवेच्या ‘कठीण समस्ये’ला नाव दिले. मेंदू माहिती कशी हाताळतो, लक्ष कसे देतो, हे सगळे उलगडले तरी या हालचालींसोबत काही ‘जाणवते’ का, हा प्रश्न शिल्लकच राहतो. मी या समस्येला भ्रम म्हणून उडवून लावणार नाही. ठोक्याच्या पडसादांची गुंतागुंत मोजून लाल रंग लाल का दिसतो हे कळत नाही, आणि उद्या सापडणारे अधिक चांगले साधनही ते सांगेलच अशी हमी नाही. तापमानाच्या बाबतीत स्पष्टीकरण मागाहून आले, म्हणून जाणिवेच्या बाबतीतही येईलच, असा तर्क मी करत नाही. माझे म्हणणे एवढेच की ‘का’ या प्रश्नाचे उत्तर नाही म्हणून ‘आहे की नाही’ आणि ‘किती’ हे प्रश्न थांबवून ठेवायचे कारण नाही. ऑग्युस्त काँत यांनी १८३५ मध्ये ताऱ्यांचे रासायनिक घटक माणसाला कधीच कळणार नाहीत, असे लिहिले. पंचवीस वर्षांच्या आत किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी प्रकाशाच्या वर्णपटातून ते वाचायला सुरुवात केली. काँत मूर्ख नव्हते. ज्ञानाची सीमा कुठे आहे, हे बसल्या जागेवरून ठरवता येत नाही, एवढेच त्यांच्या उदाहरणातून दिसते.

मात्र थर्मामीटरचा इतिहास धीर देतो तसा सावधही करतो. जोसाया वेजवूड यांनी १७८२ मध्ये भट्टीतली प्रचंड उष्णता मोजण्यासाठी मातीच्या तुकड्यांच्या आकुंचनावर चालणारे साधन बनवले, कारण तिथे पारा टिकत नव्हता. साधन सुसंगत होते, वापरायला सोपे होते, आणि त्याने दिलेले आकडे खऱ्यापेक्षा कित्येक पटींनी मोठे निघाले. पाऱ्याची मोजपट्टी जिथे संपते तिथून पुढे त्यांनी ज्या अंदाजाने अंक वाढवले, त्यालाच पुरेसा आधार नव्हता. जाणिवेचे साधन आज प्रौढ माणसाच्या मेंदूवर बसवलेले आहे, कारण तिथेच निवेदनाशी ताळा घेता येतो. नवजात बालकापर्यंत, माकडापर्यंत ते जपून नेता येईल. तिथे मेंदूची रचना आपल्याशी मिळतीजुळती आहे आणि टप्प्याटप्प्याने ताळे घेता येतात. ऑक्टोपसपर्यंत पोचताना जमीन भुसभुशीत होते. आणि भाषा बोलणाऱ्या संगणकीय प्रणालींपाशी ती संपते. तिथे निवेदन आहे, पण ते माणसांच्याच लेखनातून शिकलेले आहे, म्हणून त्यावर ताळा घेता येत नाही. आणि मेंदूशी समान असे काही नाही ज्यावर मोजपट्टी टेकवावी. त्यामुळे ‘यंत्राला जाणीव आली’ असे छातीठोकपणे सांगणारे आणि ‘यंत्राला ती येणे शक्यच नाही’ असे तितक्याच ठामपणे सांगणारे, दोघेही वेजवूडच्या मातीच्या तुकड्यांवर आकडे वाचत आहेत. तोनोनींच्या सिद्धांतावर माझा खरा आक्षेपही इथेच आहे: माणसाच्या मेंदूवर कमावलेली पत तो तार्किक द्वारांच्या जाळीवर खर्च करतो.

हे सारे तत्त्वज्ञानाच्या वर्गातले भांडण राहिले असते, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण रुग्णालयांत याच प्रश्नावर माणसांचे जगणे ठरते. डोक्याला मार लागून किंवा मेंदूला प्राणवायू न मिळून काही रुग्ण अशा अवस्थेत जातात की डोळे उघडतात, झोप-जागृतीचे चक्र चालते, पण कशालाही हेतुपूर्वक प्रतिसाद दिसत नाही. हीच ‘व्हेजिटेटिव्ह’ अवस्था. केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांनी २००६ मध्ये अशा एका तरुणीला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितले, टेनिस खेळत असल्याची कल्पना कर. नंतर सांगितले, आपल्या घरातून फिरत असल्याची कल्पना कर. दोन्ही वेळा तिच्या मेंदूचे तेच भाग उजळले, जे निरोगी माणसांत उजळतात. २०२४ मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आज्ञेला बाहेरून कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जण मेंदूच्या पातळीवर आज्ञा पाळत असल्याचे आढळले, म्हणजे चारांत एक. मास्सिमीनींच्या साधनानेही २०१६ मध्ये अशा ४३ रुग्णांपैकी ९ जणांत सीमारेषेच्या वरचा आकडा नोंदवला होता. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारी साधने एकाच दिशेने बोट दाखवत आहेत. ‘जाणिवेची व्याख्या झाल्याशिवाय हे विज्ञानच नाही’ असे म्हणणाऱ्याने त्या साठ जणांच्या नातेवाइकांना काय सांगायचे, हेही सांगितले पाहिजे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या अमानुष हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात होत्या. त्यांच्या बाबतीतल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला आणि निष्क्रिय दयामरणाचा मार्ग देशात प्रथमच खुला केला. याचिका मात्र फेटाळली. त्यांना काही कळते का, हाच त्या खटल्यातला कळीचा मुद्दा होता. त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारी म्हणत होते, त्या प्रतिसाद देतात. याचिकाकर्तीचे म्हणणे याच्या उलट होते. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी तपासून सांगितले, की कायमच्या व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष त्या पूर्ण करतात. ‘बहुतेक’ या शब्दात त्या काळच्या वैद्यकाची प्रामाणिक मर्यादा होती. पुढे २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया घालून दिली. २०२३ मध्ये ती सोपीही केली. मला घटनापीठाचा निकाल योग्य वाटतो. जाणीव शिल्लक असणे म्हणजे उपचार चालूच ठेवले पाहिजेत, असेही मी म्हणत नाही. वेदना जाणवणाऱ्या माणसाला अशा अवस्थेत वर्षानुवर्षे ठेवणे अधिक क्रूर ठरू शकते. पण निर्णय कोणत्याही बाजूचा असो, तो आतल्या स्थितीच्या शक्य तितक्या चांगल्या अंदाजावर घेतला गेला पाहिजे.

इथे महागड्या यंत्रांची सबब पुढे येते. चुंबकीय स्पंदनाचे यंत्र जिल्हा रुग्णालयात कुठून आणणार? पण आजवरच्या संशोधनातला सर्वांत उपयोगी धडा यंत्राशिवायचा आहे. २००९ मधल्या एका अभ्यासात डॉक्टरांच्या गटाने एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या ४४ रुग्णांना ‘कोमा रिकव्हरी स्केल’ या प्रमाणित तपासणीने पाहिले, तेव्हा त्यांपैकी १८ जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या. या तपासणीला खाटेजवळ उभा असलेला प्रशिक्षित माणूस, थोडा वेळ आणि काही साध्या वस्तू लागतात. रुग्णाची नजर फिरती वस्तू टिपते का हे पाहताना हातात आरसा धरला, तर इतर वस्तूंपेक्षा प्रतिसाद जास्त रुग्णांत मिळतो, हेही प्रयोगांनीच दाखवले आहे. रुग्णाची स्थिती दिवसागणिक बदलते, म्हणून दोन आठवड्यांच्या आत किमान पाच वेळा ही तपासणी करावी, असे २०१७ मधल्या अभ्यासाने सुचवले. आपल्या वैद्यकीय मंडळांच्या प्रक्रियेत डॉक्टर किती, अनुभव किती वर्षांचा, मत किती दिवसांत द्यायचे हे लिहिलेले आहे. जाणिवेची तपासणी कोणत्या पद्धतीने आणि किती वेळा करायची, हेही त्यात लिहिले गेले पाहिजे. राज्याच्या आरोग्य विभागाने आणि वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या संस्थांनी अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांना आणि निवासी डॉक्टरांना हे प्रशिक्षण द्यावे. त्यासाठी जाणिवेच्या व्याख्येची वाट पाहावी लागत नाही, आणि तोनोनी बरोबर की देहान, याचा निकाल लागण्याचीही.